नाईकाची तहान

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा मीठसुद्धा बैलाच्या पाठीवर बसून गावोगाव हिंडायचं.

समुद्राकडून मीठ भरून घाटावर नेणारा एक तांडा होता. तांड्याचा एक नाईक होता. घाट चढून वर आलं की मोठा माळ लागायचा. झाड नाही, झुडूप नाही, पाण्याचा टिपूस नाही. माळ संपला की नदी. मधे जे काय प्यायचं ते कातड्याच्या पखालीतलं.

त्या माळावर तांड्याचा एक कायदा होता. नाईकाला तहान लागली की पखालीचं तोंड सुटायचं. त्याआधी कुणी पाणी मागायचं नाही. ऐकायला येडपट वाटतं, पण कायदा येडपट नव्हता. ज्याच्या त्याच्या मर्जीनं पखाल सुटली असती, तर अर्ध्या माळावरच ती रिकामी झाली असती. आणि या नाईकाची तहान अशी नेमाची, की लवकर लागत नसे आणि उशिराही लागत नसे. तिच्या मापानं पाणी बरोबर नदीपर्यंत पुरायचं. म्हणून तर नाईकपणाची काठी त्याच्या हातात होती.

मग जे सगळ्यांचं होतं तेच त्याचं झालं. नाईक म्हातारा झाला.

दाढी पिकली, ती त्याला दिसली. गुडघे वाजायला लागले, ते ऐकू आले. पण अंगाच्या आत जे म्हातारं होतं ते दिसत नाही आणि वाजतही नाही. तिथंच माणूस फसतो.

त्या उन्हाळ्यात तांडा माळावर आला. ऊन चढलं. बैलांच्या तोंडाला फेस आला. जो तो नाईकाकडं बघायला लागला. नाईक आपला काठी टेकत पुढं.

त्याची बायको झपाझप त्याच्या बरोबरीला आली. "धनी, ओठ फुटलेत तुमचे. घोटभर घ्या की."

"तहान नाही मला."

"लेकरं रडायला लागलीत. त्या ओल्या बाळंतिणीला दूध उतरंना झालंय."

"तहान नाही म्हटलं ना! आता खोटी तहान आणू का? माझं अंग माझ्याशी आजवर खोटं बोललं नाही."

"आजवर नाही बोललं," ती म्हणाली, "पण आज ते बोलतंय तरी का?"

नाईक नुसता गुरगुरला. मनातून त्याला आपला तोराच वाटत होता. तरणे गडी माना टाकतायत, आणि आपण बघा! घाम नाही, धाप नाही, घसा काही मागत नाही. त्याला वाटलं, हे बळ आहे. बळ कसलं, कर्माचं!

थोडं पुढं गेल्यावर त्याची जीभ जड झाली. बायकोला त्यानं "आई" म्हणून हाक मारली. मग नदीची वाट सोडून तो काळ्या टेकडीकडं वळला. तिकडं नुसते खडक. तांडाही मुकाट्यानं त्याच्या मागोमाग वळला. नाईकाला वाट कोण शिकवणार?

शिकवली ती बैलानं. सगळ्यात पुढं चालणारा म्हातारा बैल पाय रोवून उभा राहिला. नाईकानं काठी उगारली.

"मार," बैल म्हणाला. "पण खडकात मरायला मी येणार नाही. नाईका, वाट चुकलास तू."

"मी? या माळावर?"

"डोकं सुकलंय तुझं. पाणी पी."

"तहान नाही मला!"

"मला तरी कुठं आहे? किती उन्हाळे झाले, मला तहान अशी लागलीच नाही. अरे, अंगात एक दवंडीवाला असतो. पाणी आटलं की ओरडतो, ऊन चढलं की ओरडतो. तरणेपणी त्याचा गळा मोठा. पण तोही म्हातारा होतो की! मग विहीर आटते, आणि हा पारावर डुलक्या घेत बसतो. दवंडी आली नाही म्हणून विहीर भरलेली आहे असं जो धरून चालतो, तो गाढव."

"मग तू कसा जगलास?"

"तरण्या खोंडानं पाण्याला तोंड लावलं की मीही लावतो. गोड लागत नाही. तरी पितो."

नाईक उभाच राहिला. पाणी पिणं काही अवघड नव्हतं. साऱ्या तांड्यासमोर तहान नसताना पिणं अवघड होतं. तहान गेली म्हटल्यावर काठीही गेलीच. त्यानं मागं वळून पाहिलं. बाळंतीण बैलाच्या सावलीला बसली होती. तिचं पोर आता रडतही नव्हतं.

"पखाल सोडा," नाईक घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मला तहान लागलेली नाही. आता ती लागेल असंही वाटत नाही. म्हातारी झाली ती. तरी सोडा!"

त्याचा एक चुलतभाऊ होता. काठीवर त्याचा कधीचा डोळा. तो पुढं झाला. "मग दादा, काठी ठेव खाली. तहान नाही तो नाईक कसला?"

"ठेवीन, नदीवर गेल्यावर ठेवीन. आधी पी, मुडद्या, मग भांड!"

पहिलं पाणी बाळंतिणीला गेलं, मग लेकरांना, मग साऱ्या तांड्याला. शेवटी बायकोनं तांब्या नाईकापुढं धरला. पहिला घोट त्याच्या घशात वाळूसारखा अडला. दुसरा उलटून येऊ लागला. त्यानं डोळे मिटून गिळला.

"पुरे?" बायकोनं विचारलं.

"पुरे तर प्यायच्या आधीच झालं होतं. भर आणखी!"

बैलाच्या सावलीला जरा टेकल्यावर त्याचं डोकं ताळ्यावर आलं. समोरची काळी टेकडी बघून तो दचकला. "अरे, मी कुठं नेत होतो तुम्हाला!" तो उठला आणि त्यानं तांडा नदीच्या वाटेला लावला. पुढं वाटेत लेकरं प्यायली की तोही प्यायचा. काढा घेतल्यासारखं तोंड वाकडं करायचा, पण प्यायचा.

ऊन उतरता उतरता नदी दिसली. माणूस आणि जनावर, सगळी जिवंत होती. नाईकानं बोलल्याप्रमाणे काठी खाली ठेवली. चुलतभाऊ उचलायला वाकला, तेवढ्यात बाळंतीण बोलली.

"भाऊजी, थांबा. काठी वाट दाखवायला असते. तहानेचं काय, मला लागते की वेळच्या वेळी! पखाल माझ्या तहानेनं सुटू दे. वाट नाईकांनीच दाखवावी."

"आणि पहिला घोट म्हाताऱ्यांना," नाईकाची बायको म्हणाली, "तहान असो नसो. नको म्हणायची सोय नाही!"

तांड्यानं माना डोलावल्या. चुलतभाऊ बैलांना पाणी दाखवायचं निमित्त करून निघून गेला. तेव्हापासून त्या माळावर अंगावर पाजणाऱ्या बाईच्या तहानेनं पखाल सुटू लागली. नाईकानं पुढं कितीतरी उन्हाळे तांडा पार नेला. शेवटी त्याला थांबवलं ते गुडघ्यांनी, माळानं नाही.

म्हातारपणी अंग मागत नाही, म्हणून त्याच्या हाकेची वाट न बघता त्याचं त्याला वेळेवर द्यावं.