सातशे रथ की सात हजार

खूप खूप वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नेमकी किती, ते सांगायला आता कुणी उरलेले नाही. एका डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती लोकांची एक वस्ती होती. चाळीस घरे, एक दगडी प्रार्थनामंदिर, आणि त्या मंदिरात पवित्र शास्त्राची एकच प्रत. वस्तीतल्या लोकांना वाचता येत नसे. म्हणून रोज संध्याकाळी ते शास्त्र मोठ्याने वाचून दाखवायचे काम एका माणसाकडे असे. त्याला सगळे वाचक म्हणत.

त्या वेळी अमोस हा वाचक होता. त्याच्या आधी त्याचे वडील वाचक होते. वडिलांनी अमोसला आणि शेजारच्या सिलासला एकाच पाटीवर अक्षरे शिकवली. अमोसची धाकटी बहीण रिबका जवळ बसून ऐके आणि ऐकूनच सगळे पाठ करी. तिघांचे बालपण असे एका ओसरीवर गेले.

सिलास पुढे राजधानीत शिकायला गेला. बारा वर्षे तो जुने ताम्रपट आणि शिलालेख वाचत राहिला. मग परत आला, वस्तीत शाळा काढली आणि रिबकाशी लग्न केले. ती त्याच्यासाठी थांबली होती. अमोसला आनंद झाला. जिवलग मित्र आता घरचाच झाला होता.

पहिली काही वर्षे सुखाची गेली. संध्याकाळचे वाचन झाले की दोघे मंदिराच्या पायरीवर बोलत बसत. एकदा सिलासने सांगितले की, शास्त्रात ज्या एका राजाचे नाव येते, तेच नाव त्याने जुन्या शिलालेखात स्वतःच्या डोळ्यांनी वाचले आहे. अमोसला इतका हर्ष झाला की त्याने ते घरोघर जाऊन सांगितले.

काही महिन्यांनी सिलासने दुसरी गोष्ट सांगितली. शास्त्रात ज्या नगराच्या भिंती कोसळल्याचे लिहिले आहे, तिथे लोकांनी खणून पाहिले होते, पण त्या काळात तिथे तशा भिंती असल्याची खूण काही सापडली नव्हती. सिलासचे म्हणणे सरळ होते. शास्त्रातले काही घडलेले आहे, काही लोकांनी भक्तीने सांगितलेले आहे. दोन्ही मोलाचे आहे, पण दोन्ही एक नव्हे.

अमोसला ते लागले. तो म्हणाला की, देवाचे वचन अर्धे खरे असूच शकत नाही. आज एक भिंत नव्हती म्हणायचे, उद्या देवही नव्हता म्हणायचे. सिलासने विचारले की, राजाचा शिलालेख चालला, मग हा पुरावा का चालत नाही? त्या दिवशी दोघे पायरीवरून उठले ते एकमेकांकडे न बघता.

हळूहळू वस्तीत दोन तट पडले. पाणवठ्यावर बाया भांडू लागल्या. शाळेतली निम्मी मुले घरी बसली. रिबका मात्र दोन्हीकडे जात राहिली. भाऊ बोले ते ऐके, नवरा बोले ते ऐके, आणि कुणाचीही बाजू घेत नसे.

मग एका रविवारी, भरल्या मंदिरात, सिलास उभा राहिला. त्याने अमोसला शास्त्रातल्या दोन जागा वाचायला लावल्या. लढाई एकच होती. एका जागी नष्ट केलेल्या रथांची संख्या सातशे लिहिली होती, दुसऱ्या जागी सात हजार.

"यातलं खरं कोणतं, अमोस?" त्याने विचारले.

अमोसने दोन्ही पाने पुन्हा उलटून पाहिली. लहानपणापासून तो दोन्ही जागा वाचत आला होता, पण त्या शेजारीशेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. मागच्या रांगेत कुणीतरी हसले. अमोसचे कान तापले. त्याने पुस्तक मिटले आणि सगळ्यांदेखत सांगितले की, जोवर सिलास आपले शब्द मागे घेत नाही, तोवर हे पुस्तक त्याच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. सिलासनेही तिथेच सांगून टाकले की, ज्याची खात्री नाही ते आपण यापुढे तोंडाने म्हणणार नाही.

घरी आल्यावर रिबका एवढेच म्हणाली की, बाबा असते तर त्यांना दोघांचीही लाज वाटली असती.

त्याच वर्षी भातलावणी उरकली आणि रिबकाला ताप भरला. सात दिवस तो उतरला नाही. वैद्याने काढे दिले, मग मान हलवली. रिबकाला कळून चुकले. तिने मंदिर झाडणाऱ्या तान्हाबाईला बोलावले आणि भावाकडे निरोप दिला की, बाबा आजाऱ्यांपाशी बसून मेंढपाळाचे स्तोत्र वाचायचे, देव मेंढपाळासारखा हिरव्या कुरणात निजवतो आणि संथ पाण्याकडे नेतो असे सांगणारे, ते एकदा येऊन वाचून दाखव.

अमोसने निरोप ऐकला. पुस्तक काखेत घेऊन तो दारापर्यंत गेला. तिथे त्याला मागच्या रांगेतले ते हसू आठवले. आपण असे गेलो तर लोक म्हणतील, वाचक हरला. त्याने तान्हाबाईला विचारले, "सिलासने काही सांगितलंय?"

"त्यांनी नाही. बाईंनीच सांगितलंय."

"मग त्याला म्हणावं, फक्त एवढं कबूल कर की सगळं खरं आहे. मी पळत येतो."

तान्हाबाई परत गेली. रिबकाने ते ऐकून डोळे मिटले. मग ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला पाठ आहे ना ते? तुम्हीच म्हणा."

सिलास तिचा हात धरून बसला होता. त्याचे बायकोवर फार प्रेम होते, आणि म्हणूनच तिच्याशी खोटे वागायचे नाही असे त्याने ठरवले होते. तो म्हणाला, "ज्याची मला खात्री नाही, ते मी तुला कसं सांगू?"

"खात्री कुठं मागतेय मी," रिबका म्हणाली. "नुसतं म्हणून दाखवा."

सिलासने तिचा हात अलगद खाली ठेवला. तू बरी झालीस की म्हणेन, असे काहीसे तो पुटपुटला आणि वैद्याला पुन्हा आणायला म्हणून बाहेर पडला.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी अमोसला राहवेना. लोक काय म्हणायचे ते म्हणोत, असे मनाशी म्हणत त्याने पुस्तक उचलले आणि तो निघाला. वाटेत त्याने ते स्तोत्र काढून बोट ठेवले होते. सिलासच्या घराचा उंबरा त्याने ओलांडला. आत तान्हाबाई ओल्या फडक्याने रिबकाचा चेहरा पुसत होती. सिलास भिंतीला टेकून खाली बसला होता. अमोसने आधी बहिणीकडे पाहिले, मग तान्हाबाईकडे, आणि त्याला विचारायची गरज उरली नाही.

मग त्याने विचारले, "शेवटी ती एकटी होती का?"

"नाही. मी होते," तान्हाबाई म्हणाली. "तुम्ही आला नाहीत, सिलासगुरुजी आज पुन्हा वैद्याकडे गेले होते, मग मीच म्हटलं ते स्तोत्र. मला धड येत नाही, वाचकबाबा. झाडताना कानावर पडलेलं तेवढंच. कुरण आणि पाण्याची मी अदलाबदल केली. आठवलं नाही तिथं जात्यावरच्या ओव्या घातल्या."

"मग?"

"बाई हसल्या. म्हणाल्या, आधी कुरण येतं गं, तान्हाबाई. मग म्हणाल्या, पुन्हा म्हण. मी म्हणत राहिले. किती वेळा ते माहीत नाही. मधेच त्यांचा हात सैल पडला."

सिलास तोंडावर हात घेऊन रडू लागला. अमोस पुस्तकात बोट घालून तसाच उभा होता. आता ते स्तोत्र वाचायला ऐकणारे कुणी नव्हते.

दफनाच्या वेळी सगळी वस्ती जमली. अमोसने पुस्तक उघडले, पण तोंडून शब्द फुटेना. लोकांनी सिलासकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. तेव्हा तान्हाबाईने पुढे येऊन आपल्या मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणायला सुरुवात केली, आणि दोन्ही तटांचे लोक तिच्यामागून म्हणू लागले.

त्यानंतर त्या दोघांत कधी वाद झाला नाही. कुणाचे मत बदलले असेही नाही. अमोसला सगळे घडलेलेच वाटत राहिले, आणि सिलासला त्या भिंती कधी पटल्या नाहीत. पण वस्तीत कुणी अंथरूण धरले की दोघे न बोलावता जात आणि उशापायथ्याशी बसत. अमोस पुढे वीस वर्षे वाचक होता. मेंढपाळाचे स्तोत्र आले की तो पुस्तक सिलासपुढे सरकवी, आणि सिलास ते वाचता वाचता दर वेळी अर्ध्यावर थांबे. उरलेले लोकच पुरे करीत. रिबकाच्या माघारी त्या वस्तीत ते स्तोत्र एका माणसाच्या तोंडून पूर्ण असे कुणी ऐकले नाही.

बोध: शास्त्र घडलेले आहे की मानलेले, हा वाद उद्याही करता येतो; ज्याला शास्त्राचा आधार हवा आहे, त्याच्यापाशी मात्र आजच जाऊन बसावे.