दोरवालीची वाट

ज्या काळी गावात घड्याळ नव्हतं आणि साऱ्यांची भिस्त कोंबड्यावर होती, त्या काळी डोंगराखालच्या एका गावात एक सुईण राहत होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. त्यामुळे पाटलापासून पोरासोरांपर्यंत सगळ्यांना ती अरेतुरे करायची, आणि उलट बोलायची कोणाची टाप नव्हती. बाळंतपणात कोणी कोणाला विचारत बसत नाही. 'पाणी तापव, दार लाव, तू गप्प पड' एवढंच. चाळीस वर्षं हेच केल्यावर विचारायची सवय राहणार कुठून?

हात थरथरायला लागले तेव्हा तिने सुईणपण सोडलं आणि आपल्या पडवीत 'हातभार' नावाचं घर उघडलं. कोणाचा पाय अधू, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला दिसत नाही, अशी तरणी मुलंमुली तिथे जमत, दोर वळत, टोपल्या विणत. ज्यांच्या घरी चूल पेटायची मारामार, त्यांना आठवड्याला पायलीभर नाचणी मिळे. गावाला या कामाचा एवढा अभिमान की, एका पाडव्याला लोकांनी हातभारच्या अंगणाच्या तोंडाशी सुईणीच्या नावाचा मोठा कोरीव दगड बसवला. सुईण 'कशाला, कशाला' म्हणाली, पण रोज सकाळी सडा घालताना तो दगड ती पदराने पुसायची.

दोर वळण्यात सगळ्यांत तरबेज होती वरच्या वाडीतली एक मुलगी. गाव तिला दोरवाली म्हणे. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. बाप अंथरुणाला खिळलेला, आई मजुरीला जाणारी. तिचे दोर आणि हातभारची नाचणी यांवर तिघांचं कसंबसं भागे. रोज ती काठी टेकत एकटीच खाली यायची, आणि एकटी येते याचा तिला मनातून फार आनंद होता.

त्या पाडव्यानंतर चार दिवसांनी ती आली ती अंगठा फुटलेला घेऊनच. रक्त थांबत नव्हतं.

"ठेच लागली होय गं?" सुईणीने फडकं फाडलं.

"मावशी, त्याचं असं झालं..."

"तू बोलू नकोस. कळलं मला. मी बघते."

आणि तिने बघितलंच. दुसऱ्या दिवशी सगळं गाव कुदळी-पहारी घेऊन वाडीच्या वाटेवर हजर. ओढ्याजवळची डुगडुगती फरशी फोडून टाकली. चिंचेची वर आलेली मुळं तोडली. पन्हळीतून टपटपणारं पाणी दुसरीकडे वळवलं. खड्डे बुजवले, त्यावर मुरूम पसरला. तीन दिवसांत वाट तळहातासारखी सपाट झाली. दोरवालीच्या हातून नारळ फोडून घेतला, गूळखोबरं वाटलं. दोरवाली काहीच बोलली नाही. आनंदाने बोलती बंद झाली असेल, असं सुईणीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोरवाली आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती दुपारी, एका गुराख्याच्या हाताला धरून, लुगड्याला काटे चिकटलेले. त्यानंतर येईचना.

"करावं तेवढं थोडंच असतं," गावकरी म्हणाले. "उपकाराची जाण लागते."

सुईणीने दोन माणसं आणि डोली धाडली. दोरवाली डोलीतून आली, मान खाली घालून बसली, आणि त्या दिवशी तिच्या दोराला पीळच बसला नाही. दुसऱ्या दिवशी तिने डोलीवाल्यांना दारातूनच परत पाठवलं. मग सुईणीने त्या घरची नाचणी दुप्पट केली, तर नाचणी घेताना मुलीच्या आईच्या डोळ्याला धार लागली.

सुईण पार चक्रावून गेली. दगड काढले तर पोर यायची थांबली. डोली धाडली तर दोर सैल पडला. नाचणी वाढवली तर आई रडली. अडलेल्या बाळंतिणीही तिने सोडवल्या होत्या, पण ही गाठ काही केल्या सुटेना. तिला जेवण गोड लागेना.

शेवटी एका सकाळी ती स्वतःच वाडीकडे निघाली. त्या दिवशी धुकं असं दाटलं होतं की, स्वतःचा हात दिसू नये. 'मला काय धुक्याचं,' ती म्हणाली, 'वेळी-अवेळी किती वेळा गेले आहे मी या वाटेने.' पण पन्हळीची टपटप ऐकू येईना. चिंचेची मुळं पायाला लागेनात. डुगडुगती फरशी आली की उजवीकडे वळायचं, हे तिच्या तळव्यांना पाठ होतं. फरशी आलीच नाही. चालत चालत ती कोणाच्या तरी शेतात शिरली आणि चिखलात घोट्यापर्यंत रुतली. कुठून आलो, कुठे जायचं, काही कळेना. आपल्याच गावात ती हरवली होती.

"अरे, कोणी आहे का रे?" तिने हाक मारली.

"मावशी, तुम्ही?" वरून दोरवालीचा आवाज आला. "मी काठी आपटते. आवाजाच्या रोखाने या."

धडपडत सुईण झोपडीशी पोचली आणि उंबऱ्यावरच बसली. मग जन्मात पहिल्यांदा तिने विचारलं, "पोरी, तुला काय हवं गं?"

दोरवालीला रडू फुटलं. "आई म्हणाली, तोंड उघडू नकोस. गावाने घाम गाळलाय. मावशींना वाईट वाटलं नि नाचणी बंद झाली, तर आबांना काय घालायचं?"

"नाचणी कुठे जात नाही. तू बोल."

"माझी वाट परत द्या, मावशी. टपटप, मुळं, फरशी. त्यांनीच मला आणलं-नेलं. त्यांची ठेच मला कधीच लागली नाही."

"मग अंगठा कशाने फुटला?"

दोरवाली घुटमळली. "रागावणार नाही ना? तुमच्या अंगणाच्या तोंडाशी पाडव्याला जो नवा दगड आला, त्याने."

सुईणीचा चेहरा उतरला. सगळी वाट खणून काढली होती, आणि तो एक दगड तेवढा ती रोज पुसत होती. ती उठली.

धुकं विरल्यावर गावाने पाहिलं, तर सुईण थरथरत्या हातांनी आपल्याच नावाच्या दगडाखाली पहार घालत होती.

"म्हातारीला चळ लागला," कोणीतरी म्हणालं. "लोकांनी एवढ्या मानाने बसवलेला दगड!"

"मान मला मिळाला, ठेच तिला," सुईण म्हणाली. "हात लावा नाहीतर बाजूला व्हा."

लोकांना काही उमजलं नाही, पण हात लावला. दोरवालीला विचारून विचारून पन्हळीचं पाणी जागेवर आणलं. मुळं काही परत जोडता येईनात, म्हणून तिथे लाकडी ओंडके पुरले. फोडलेल्या फरशीच्या जागी मात्र काय टाकावं ते सुचेना. सुईणीने आपला दगड तिथे नेला, कोरीव बाजू खाली करून ठेवला, आणि एका कडेखाली खडा सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरवाली काठी टेकत एकटीच निघाली. ओढ्याशी तिने पाय ठेवला, दगड डुगडुगला, आणि ती हसून डावीकडे वळली.

तात्पर्य: वाट ज्याची, त्याला आधी विचारावं, मगच पहार उचलावी; आणि उचललीच, तर पहिला दगड आपल्या दारातला बघावा.