माहेरखडक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी किनाऱ्यावरून निघालेली होडी दुपार कलताना जिथे पोचते, त्या कुरलीबेटावर कोळ्यांची चाळीस घरं होती. पदीबाय त्यांची पाटलीण. नवरा समुद्रात गेला, तेव्हा लोकांनी पाटीलकी तिच्याच हाती दिली होती.

एका वर्षी किनाऱ्यावर देवीची साथ आली. पदीबायने सांगितलं, साथ सरेपर्यंत बाहेरचं कुणी बेटावर पाय ठेवणार नाही. गोमा तांडेलाचा सख्खा भाऊ आला, त्यालाही तिने पाण्यातूनच परत धाडलं.

आठवड्याने आणखी एक होडी आली. तिच्यात पदीबायची लेक ठकू होती, दिवस भरत आलेली, बाळंतपणाला माहेरी निघालेली.

सगळं बेट वाळूवर जमलं. गोमा म्हणाला, "काय पाटलीण, माझ्या भावाला हाकललास. आता लेकीला वाजतगाजत आणू काय?"

ठकूने होडीची कड घट्ट धरली होती. पदीबाय तिच्या बोटांकडे बघत राहिली. उतरू द्यावं तर चाळीस घरांतली पोरं धोक्यात. परत धाडावं तर लेक साथीच्या गावात बाळंत होणार.

"ती बेटावर यायची नाय," पदीबाय म्हणाली. "मी जाते तिच्याकडं."

"जाशील कुठं?"

"समोर खडक हाय की. त्याला कुठली साथ लागते?"

घोंगडी आणि मडकं घेऊन ती होडीत चढली. खडकावर शिडाचं कापड बांधून मायलेकी राहिल्या. रोज बेटावरची एक होडी भाकरी आणि गोडं पाणी खडकाच्या टोकाला ठेवून मागे फिरे. पहिली होडी गोमानेच नेली, असं म्हणतात.

चौथ्या दिवशी समुद्र खवळला. होडी जाईना. मडकं कोरडं पडलं आणि ठकूला कळा सुरू झाल्या. पदीबायने खडकावर हात टेकले. म्हणाली, "बाबा, आता तूच हिचं माहेर."

तेव्हा चहूकडे खारं पाणी असताना खडकातून गोड्या पाण्याचा झरा फुटला, असं म्हणतात. भरतीच्या लाटा अंथरुणापासून हातभर दूर थांबल्या, असंही म्हणतात. पदीबायला नात झाली.

एकवीस दिवसांनी तिघी बेटावर उतरल्या. त्या साथीत बेटावरचं एकही मूल दगावलं नाही.

आजही बेटाची लेक बाळंतपणाला येते, तेव्हा होडी आधी माहेरखडकाला लागते. आई तिथे येऊन बसलेली असते. ती लेकीला झऱ्याचं पाणी पाजते. लेक खडकाला डोकं टेकून म्हणते, "पदीआये, आले गं." आणि जिला आई उरलेली नाही, तिच्यासाठी बेटावरची कुणी ना कुणी जाऊन बसतेच. लेक यायच्या दिवशी खडक रिकामा ठेवायचा नाही, अशी तिथली रीत आहे.