सहा वाक्यांची भूमिका

"आणि डॉक्टरांची भूमिका सदानंदला? का, मास्तर?"

जयवंत आरोलकर दारातूनच बोलला. चपलाही काढल्या नव्हत्या.

केळुसकर मास्तर खिडकीशी बसून वाल सोलत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं ते वेंगुर्ल्यात नाटकं बसवत आले होते. जयवंत त्यांचा सर्वांत तयार शिष्य. नाट्यस्पर्धेत दोनदा अभिनयाचं पदक मिळवलेला.

"आधी आत ये."

"सदानंद पोस्टात तिकिटं विकतो. जन्मात रंगमंचावर चढलेला नाही. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं तरी त्याचा आवाज कापतो."

"कापतो खरा."

"आणि मला सलूनवाला! सात वाक्यं. मोजली मी."

"सहा. एक मी काल खोडलं."

...

जयवंतनं चपला काढल्या आणि तो आत आला.

नाटक मास्तरांनीच लिहिलं होतं, हॉलिवूडच्या एका जुन्या कृष्णधवल चित्रपटावरून. लहानसं गाव. एक चर्च, एक रेल्वे स्टेशन आणि सगळ्यांना नावानिशी ओळखणारा एक डॉक्टर. त्याच्या हातून चुकीचं औषध दिलं जातं आणि एक मूल दगावतं. गाव म्हणतं, देवाची मर्जी. खरं काय ते त्याला एकट्यालाच ठाऊक. अखेर एका सकाळी सलूनच्या खुर्चीत, तोंडाला साबण लावलेला असताना, तो सगळं बोलून टाकतो.

"तो चित्रपट मी अकरा वेळा पाहिलाय," जयवंत म्हणाला. "तुम्हीच दाखवलात पहिल्यांदा. खुर्चीत तो नट काय रडतो, मास्तर! तसं रडणारा या गावात मी एकटा आहे."

"आहेस," मास्तर म्हणाले. ते त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं की जयवंतचा राग अर्धा तिथंच उतरला.

वालाचं सुपडं बाजूला ठेवून मास्तर उठले. टीव्ही सुरू करून त्यांनी तोच प्रसंग लावला. मग पुढं होऊन नायकाच्या चेहऱ्यावर आपला पंजा धरला.

"अहो, दिसत नाही मला."

"बघ."

पडद्यावर आता फक्त सलूनवाला उरला होता. मध्यमवयीन, थोडं टक्कल पडलेला. त्याचा वस्तरा हवेत थांबला होता. तो काही बोलत नव्हता. एकदा त्यानं दाराकडं पाहिलं. कोणी येत तर नाही ना? मग त्यानं वस्तरा पुसला, दोन बोटांनी डॉक्टरची हनुवटी वर केली आणि राहिलेली दाढी करू लागला. हळू... फार हळू.

मास्तरांचा हात म्हातारा होता, अवघडला होता; पण त्यांनी तो काढला नाही.

"डॉक्टर रडतोय का अजून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"त्याचं तोंड तर मी झाकलंय. मग तुला कुठं दिसतंय?"

...

"हा नट कोण, मास्तर?"

"नावांच्या यादीत शेवटून तिसरा."

"अकरा वेळा पाहिला मी. हा मला कधी दिसलाच नाही."

"म्हणजे काम छान झालंय त्याचं."

जयवंत दुसऱ्या दिवशी तालमीला आला. खूश नव्हता, पण आला. सदानंदला घाम फुटे, वाक्यं अडत. जयवंत दात आवळून उभा राही.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. सलूनचा प्रसंग आला. सदानंद खुर्चीत बसला, तोंड उघडलं... आणि भाषण विसरला. दीड पानाचं भाषण, एक शब्द आठवेना.

विंगेत मास्तर उभे होते. प्रॉम्प्टर सांगायला पुढं झाला, तर मास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

जयवंतला ते सगळं भाषण पाठ होतं. एक प्रश्न टाकून प्रसंग आपल्याकडं ओढून घेणं त्याला सहज जमलं असतं. क्षणभर त्याच्या ओठांवर शब्द आलेही. तेवढ्यात सलूनच्या आरशात त्याला सदानंदचे डोळे दिसले. त्या डोळ्यांत नट नव्हता. सगळ्या गावासमोर उघडा पडलेला एक घाबरलेला माणूस होता.

जयवंतनं वस्तरा खाली ठेवला. सदानंदच्या गळ्याभोवतीचं कापड घसरलं होतं, ते त्यानं वर ओढलं. थंडीत लेकराला पांघरूण घालावं तसं. आणि खांद्यावर हात ठेवून थांबला. काही घाई नसल्यासारखा.

हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.

"ते मूल..." सदानंद म्हणाला. आवाज कापला. "ते देवानं नेलं नाही. मी... मी चुकलो."

एवढंच. दीड पानातलं एवढंच.

पहिल्या रांगेतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.

पडदा पडल्यावर लोकांनी सदानंदला गराडा घातला. इतकी वर्षं तिकिटांच्या खिडकीमागं एवढा मोठा नट बसला होता आणि आपल्याला पत्ता नाही, असं जो तो म्हणत होता. सदानंद हसत होता, रडत होता, तोंडावरचा साबण पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

सकाळी जयवंत मास्तरांकडं गेला. मास्तर ओसरीवरच्या बाकावर चहा पीत होते.

"मास्तर, बाजारातून आलो. वाटेत वीसेक माणसं भेटली. सगळी सदानंदबद्दल बोलत होती."

"मग?"

"माझं नाव एकानंही काढलं नाही. एकानंही नाही... आणि मास्तर, काल मला झोप इतकी छान लागली!"

मास्तर कप खाली ठेवून बाकावर थोडे सरकले. आपल्या शेजारच्या मोकळ्या जागेवर त्यांनी हातानं थोपटलं.

"बस इथं. पुढचं नाटक तू बसवायचंस."