चुना नको म्हणणारी भिंत

शपथेवर सांगतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. घडलं मात्र माझ्या जन्माआधी.

डोंगरावरच्या एका घरात शेकायला सरपण उरलं नाही, म्हणून मालक अंगणातला पांगारा तोडायला निघाला. दिवाळीची रंगरंगोटी चालू होती. दक्षिणेची भिंत ओरडली, "थांबा धनी! थंडीत माझ्यावर दिवसभर ऊन असतं. चुन्याऐवजी मला काजळी फासा, सगळं ऊन मुरवून घेते."

बाकीच्या भिंती खिदळल्या, "अगं, तीट गालाला लावतात, तिने आंघोळ नाही करत!"

"हसा बायांनो. शेजारी माझा, तो पांगारा, मरतोय."

मालकाने काजळी फासली. संध्याकाळी भिंतीने दिवसभराची ऊब खोलीत सोडली, तशी त्याने घोंगडी बाजूला सारली आणि कुऱ्हाड माळ्यावर टाकली.

सगळं खरं आहे. बाकीच्या भिंतींनी नंतर माफी मागितली, एवढंच माझ्या पदरचं.