बालघराची भातुकली

तुम्हीच सांगा, जिथे आत जायचं नाही, डोकवायचं नाही आणि कुणाला काही विचारायचंही नाही, तिथे काय चालतं ते कसं ओळखणार?

गोजराला मात्र ते संध्याकाळच्या आत ओळखून दाखवायचं होतं!

गोजरा हेमगडच्या राजाच्या हातमागावर लुगडी विणायची. मागावरच्या बायकांनी आपली मुलं राजवाड्यामागच्या बालघरात ठेवायची, असा धैर्यशील महाराजांचा हुकूमच होता. बालघर मोठं देखणं. भिंतींना पांढराशुभ्र चुना, दाराला तोरण आणि दारात मंजुळाबाई. या राणीसाहेबांच्या माहेरच्या. बोलणं असं गोड, की मुंग्या लागाव्यात!

"या हो, द्या आमच्या सोनुल्याला!" असं म्हणून मूल आत घ्यायच्या आणि कवाड लावायच्या. मधेच एखादी आई आली, तर तिनं आधी घंटा वाजवायची. बऱ्याच वेळानं दार उघडायचं. आत सगळी मुलं रांगेत, हसत बसलेली!

गोजराची चिंगी चार वर्षांची. रोज सकाळी दारात आली की आईचा पदर घट्ट धरायची.

"सगळीच रडतात गं सुरुवातीला," मंजुळाबाई म्हणायच्या.

वर्ष झालं तरी ती सुरुवात काही संपेना! घरी आल्यावर चिंगी भाकरीवर तुटून पडायची. एकदा तिच्या हातून पाण्याचा पेला सांडला. आई काही बोलायच्या आधीच तिनं दोन्ही हात डोक्यावर धरले.

दुसऱ्या दिवशी गोजरा मागावर गेली नाही. चिंगीला बालघरात सोडलं आणि तडक दरबारात गेली.

"महाराज, बालघरात काहीतरी बरं नाही."

"काय बरं नाही?" महाराज कडाडले. "मी स्वतः दर महिन्याला जातो! मुलं हसत असतात!"

"घंटा वाजवून जाता ना?"

"म्हणजे काय? राजा येतोय, तर घंटा वाजणारच!"

"मग मुलांनाच एकदा विचारा, महाराज."

"मुलांना काय, कुणीही पढवतं. विचारायचं नाही! बायकांची साक्ष नको, त्या सगळ्या तुझ्याच मैत्रिणी. आणि चोरून डोकवायचंही नाही, राजवाड्याची अब्रू आहे. एवढं सांभाळून संध्याकाळपर्यंत सिद्ध कर. नाही जमलं तर तुझा माग दुसरीला!"

दरबारात खसखस पिकली. गोजरानं क्षणभर विचार केला आणि हात जोडले.

"चालेल, महाराज. फक्त राजकन्येची भातुकली दुपारपुरती द्या."

"भातुकली? तुला खेळायचंय?"

"मला कुठला वेळ! मुलांना शिपायाकरवी राणीसाहेबांच्या चौकात बोलवा. आपण सगळे बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे बसू. मंजुळाबाईही बसतील. मी तोंडातून शब्द काढणार नाही. मग तर झालं?"

दुपारी मुलं चौकात आली. समोर चुली, बोळकी, लाकडी ठकी, कापडी बाहुल्या! आधी सगळी रांगेत बसली आणि हसली. कुणीच काही बोलेना, तशी हळूहळू रांग मोडली. चिंगीनं ओढणीचा पदर खोचला आणि बाहुल्या मांडल्या.

"मी मंजुळाबाई! ही माझी मुलं. दगडू, तू महाराज हो."

दगडूनं लगेच पोटावर उशी बांधली. पडद्यामागे महाराजांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

चिंगीनं बोळक्यातलं खोटं दूध तोंडाला लावलं आणि ओठावरून जीभ फिरवली. "साय माझी!" मग बोळक्यात पाणी ओतलं. "हं, हे तुमचं!" एक ठकी कलंडली. चिंगीनं तिला फटकन एक चापट मारली. "सांडलंस? आज जेवण नाही!"

"अय्या, कुठून शिकली ही?" मंजुळाबाई पुटपुटल्या.

"शू!" महाराज म्हणाले.

"टण टण टण!" दगडू ओरडला.

चिंगी उडालीच! "महाराज आले, महाराज आले! उठा! तोंडं पुसा! हसा रे! जो हसणार नाही तो अंधाऱ्या कोठीत!" मग आवाजात साखर घोळली. "या हो, महाराज! लाडू घ्या!"

दगडू उशी सांभाळत डुलत आला. त्यानं लाडू खाल्ला. दुसरा खाल्ला. बाहुल्यांकडे न बघताच म्हणाला, "वा वा! वा वा!" आणि डुलत निघून गेला.

"गेले!" चिंगीनं कमरेवर हात ठेवले. "आता गप्प पडा. मला झोप आलीय."

पडद्यामागे महाराजांचा चेहरा लाल. मंजुळाबाईंचा पांढरा.

"महाराज, हे हिनंच शिकवलंय पोरीला!"

"घरी?" महाराज म्हणाले. "मग त्या दगडूला लाडू कुणी शिकवले? दर खेपेला मी दोन लाडू खातो, हे बालघराबाहेर कुणालाच ठाऊक नाही!" ते गोजराकडे वळले. "तू कुणाला विचारलं नाहीस, कुठे डोकावली नाहीस. मग तुला एवढी खात्री कशी?"

"महाराज, पोरं दिवसभर जे बघतात, तेच भातुकलीत शिजवतात. तिथे कुणाची घंटा वाजत नाही!"

महाराज हसायला लागले. आधी गालात, मग पोट धरून. उशीची आठवण झाली, की पुन्हा हसू!

"मंजुळाबाई, उद्यापासून गोठ्यात. दूध काढायचं, साय चाखायची नाही! बालघर बघायला कोण हवं, ते आता आयांनीच ठरवायचं. गोजरा, तू काय हवं ते माग!"

"बालघराची कवाडं द्या, महाराज."

"कवाडं? काय करणार त्यांचं?"

"सरपण!"

महाराज पुन्हा हसले, ते थांबेचनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतारांनी कवाडं उतरवून गोजराच्या अंगणात आणून टाकली, आणि चिंगी आईचा पदर न धरताच बालघरात पळत गेली.