उसनी काठी

अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या डोंगरांखालचं फाल्स्टर गाव पट्टीने आखल्यासारखं आहे. रस्ते सरळ, कुंपणं सरळ, शेतांना पाणी नेणारा पाटही सरळ. फक्त चर्चपलीकडच्या माळाशी तो सत्तर पावलं वळसा घालून जातो. का, ते म्हातारे पाटकरी योर्गेन आल्या-गेल्याला सांगतात.

गाव वसलं तेव्हाचा पहिला हिवाळा सरता सरता पीठ संपलं, असं सांगतात. मॉर्मन पंथ स्वीकारून डेन्मार्कहून आलेली विधवा मारेन हातगाडी ओढत हजार मैल चालली होती. आता तिची लेक स्टिने भुकेने उठेनाशी झाली. तेव्हा तिथल्या मूळच्या यूट जमातीच्या एका बाईने याच माळावर मारेनला रानलिलीचे कंद काढायला शिकवलं. टोकदार काठीने उकरायचं, मोठे घ्यायचे, लहान परत पुरायचे. स्टिने जगली. त्या बाईचं नाव मात्र कुणी विचारलं नाही.

पुढल्या वसंतात गावाचा कारभार पाहणाऱ्या बिशपांनी पाटाच्या आखणीची दोरी धरली, ती थेट माळावरून. मारेन दोरीवर जाऊन उभी राहिली.

"सिस्टर मारेन, गव्हाला पाणी हवंय."

"पाट वळवा. वळशाने वाढेल तेवढा मी खणते. एकटी."

"डेन्मार्कात पाणी वाकडंच वाहतं वाटतं!" कुणीतरी म्हणालं. माणसं हसली.

बिशप हसले नाहीत. त्यांनी दहा दिवस दिले. काम अपुरं राहिलं, तर पाट माळावरूनच जाणार होता.

मारेन खणत राहिली. रविवारी काम निषिद्ध, म्हणून तो सबंध दिवस ती माळाकडे पाहत नुसती बसली. दहाव्या दिवशी दुपारी तीन पावलं उरली असताना एका दगडावर फावड्याचा दांडा मोडला. कंद काढायला आलेल्या त्या यूट बाईने ते पाहिलं. तिने चरात उतरून दगडाखाली आपली काठी घातली आणि दोघींनी जोर लावून तो उलथला. काठी मारेनच्या हातात ठेवून ती गेली. संध्याकाळी पाणी वळलं, म्हणे.

काही वर्षांनी त्या यूट बाईच्या माणसांना दूरच्या राखीव प्रदेशात हाकललं गेलं. ती परत आली नाही. मारेन मात्र मरेपर्यंत दर वसंतात काठी घेऊन माळावर उभी राहायची.

आजही पाट साफ करताना त्या वळणावर फावडं चालवत नाहीत. काठीनेच माती सैल करतात आणि मग काठी माळाच्या कडेला रोवून ठेवतात. झिजली की नवी तासतात. "आमची नाही, उसनी आहे," योर्गेन सांगतात.

मागे एका पाहुणीने विचारलं, "आणि जमीन, आजोबा?"

योर्गेननी टोपी काढून हातात धरली.

"तीही, पोरी."